पितरांचं पान

आमच्या धंद्यात पोट हे भांडवल असतं, हे लोकांना सांगून पटत नाही. त्यांना वाटतं, गुरुजींना मंत्र पाठ असले की झालं. मंत्र काय, आता मोबाईलवरही वाजतात. पण श्राद्धाला पितरांच्या जागी बसून पानावरचं सगळं संपवणारा, आग्रह झाला की आणखी दोन वडे घेणारा आणि घरातल्या बायकांना समाधान देऊन उठणारा माणूस मोबाईलमध्ये मिळत नाही. पंचवटीत तो माणूस म्हणजे मी होतो. नाव ढुंढिराज, म्हणजे साक्षात गणपतीचं, आणि पोटाच्या बाबतीत मी नावाला पुरेपूर जागलो होतो.

गेल्या फाल्गुनात ते पोट गेलं. गुडघे कामातून गेले होते, साखर वाढली होती आणि झोपेत श्वास अडकायचा. यशश्री, माझी बायको, शाळेत विज्ञान शिकवते. ती रात्र रात्र जागून माझा श्वास ऐकत बसायची. शेवटी तिने निर्वाणीचं सांगितलं, "ऑपरेशन करा, नाहीतर माझी झोप मला परत द्या." मग गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरांनी माझ्या जठराचा लिंबाएवढा तुकडा वेगळा केला, बाकीचं तसंच बाजूला सोडून दिलं आणि आतडं थेट त्या लिंबाला जोडलं. पिढ्यानपिढ्या आमच्या घराण्याने कमावलेलं पोट दोन तासांत बाद झालं.

हे मी लपवलं. लपवलं म्हणजे काय, दोन महिन्यांनी एका यजमानाने मला गोदाघाटावर बघितलं, कमरेवरून घसरणारं सोवळं बघितलं आणि हात जोडून विचारलं, "गुरुजी, नर्मदा परिक्रमा करून आलात का?" मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. चार दिवसांत अख्ख्या पंचवटीला कळलं की ढुंढीगुरुजी मैयाची परिक्रमा पायी करून आले. लोक वाकून नमस्कार करायला लागले. एक आजीबाई नर्मदेचं पाणी मागायला आल्या. त्यांना मी काय दिलं ते विचारू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जेवू न शकणाऱ्या भटजीला श्राद्धाला बोलावणार कोण?

आत काय चाललं होतं ते मात्र मला आणि यशश्रीलाच माहीत. पहिले काही आठवडे नुसतं पाणी, पातळ ताक, वरणाचं पाणी. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. आमच्या मुलीच्या, सृष्टीच्या, उष्टावणाची चांदीची वाटी यशश्रीने माळ्यावरून काढली आणि मी त्या वाटीत जेवायला लागलो. तेवढी वाटी संपायलाही अर्धा तास लागायचा. घास तोंडात पीठ होईपर्यंत चावायचा, जेवताना पाण्याला शिवायचं नाही, आणि बास वाटलं की तिथेच थांबायचं. पुढे एक घास गेला तर छातीच्या मधोमध दगड बसायचा. ज्या तुपावर माझा पिंड पोसला, त्याचा वाससुद्धा नकोसा झाला. केस गळले. भर उन्हाळ्यात थंडी वाजायची. आणि पोटातून असे आवाज यायचे की संकल्प सांगताना मी मुद्दाम आवाज चढवायचो.

खरी भीती बसली ती वैशाखात. इंदिरानगरला एका सत्यनारायणाला प्रसादाचा शिरा हातावर आला. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, आणि होता तरी किती, चमचाभर. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, घामाने उपरणं भिजलं, पोटात पीळ पडला, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. मी यजमानांच्या बाथरूममध्ये कडी लावून फरशीवर आडवा झालो. बाहेर आरती चालू होती आणि आत मी मरणाची वाट बघत होतो. डॉक्टर नंतर म्हणाले, "गुरुजी, गोड आता तुमच्या जठरात थांबत नाही, सरळ आतड्यात कोसळतं. त्याने जीव जात नाही, पण जातोय असं वाटतं. तळलेलं किंवा चिकट काही अडकलं तर मात्र ताबडतोब या, हयगय नको." जीव जात नाही हे मी विसरलो आणि शेवटचं वाक्य लक्षात ठेवलं.

तेव्हापासून वाटी समोर आली की मी आधी ती जरा लांब सरकवतो. आयुष्यभर मी अन्नाला घाबरलो नव्हतो. आता दिवसातून चार-पाच वेळा घाबरतो, कारण डॉक्टरांनी थोडं थोडं पण चार-पाच वेळा खायला सांगितलंय. यशश्री वाटी ठेवते आणि पाठ करून भांडी विसळायला लागते. मी घास घेतो, थांबतो, आत कान लावतो. तो उतरला की दुसरा.

पितृपक्ष जवळ आला तसं मी सगळ्यांना कळवलं की यंदा मी सांगायला येईन, बसायला नाही. सांगणारा मंत्र म्हणतो, बसणारा पितरांच्या जागी जेवतो. परिक्रमेनंतर परान्न सोडलंय, अशी आणखी एक थाप ठोकून दिली. लोकांनी आणखी वाकून नमस्कार केला. आपलं बरं चाललंय असं मला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात श्यामलाकाकू दारात उभ्या राहिल्या.

श्यामलाकाकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. अप्पा नोटांच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेले, नाशिकरोडला उपनगरात त्यांचा छोटा बंगला. त्या घराचे गुरुजी आधी माझे वडील, मग मी. मुंज झाल्यापासून मी तिथे जेवलोय. अप्पांना दुसऱ्याला खायला घालायची भारी हौस. स्वतः वाढायला घ्यायचे, माझ्या पानात खीर ओतायचे आणि म्हणायचे, "ढुंढ्या जेवला की माझं घर जेवलं." दीड वर्षापूर्वी ते अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. शेवटी शेवटी अन्न जात नव्हतं, एवढंच मी ऐकून होतो. वर्षश्राद्ध झालं, आणि आता हा त्यांचा पहिलाच महालय, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध.

काकू मुलाला, मयुरेशला, बरोबर घेऊन आल्या होत्या. बसल्याही नाहीत.

"उद्या यांची तिथी. पितरांच्या जागी तुम्ही बसायचं."

"काकू, मी येतोच आहे. माझ्या हाताखालचा किशोरही येईल. पण सांगायला."

"मग बसणार कोण?"

"यंदा बसायला माणसं मिळत नाहीयेत. देवांची जागा आणि पितरांची जागा, दोन्हीकडे दर्भाचे बटू करून ठेवू. शास्त्रात सोय आहे तशी."

"देवांच्या जागी ठेवा दर्भ. देवांना काही कमी नाही." त्यांनी पदर सावरला. "यांच्या जागी नको. दर्भ काय जेवणार, ढुंढिराज?"

"परिक्रमेपासून मी परान्न..."

"ते उपाशी गेले हो." त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "भरल्या घरातून उपाशी गेले. तुम्ही त्यांच्या जागी पोटभर जेवलात तर मला झोप लागेल. दीड वर्ष मला धड झोप नाही."

मयुरेशने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मग त्याने माझ्या हातावर दर्भ आणि तीळ ठेवले. श्राद्धाचं आमंत्रण असं देतात, त्याला क्षण देणं म्हणतात. तो हातावर पडायच्या आत मी हात मागे घ्यायला हवा होता. हात तसाच पुढे राहिला.

त्या गेल्यावर यशश्री स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "तुम्हाला मरायचंय का?" एवढंच विचारलं.

"घेतलेला क्षण मोडता येत नाही."

"आणि टाके उसवले तर?"

"सहा महिन्यांनी टाके उसवत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी वडा अडकतो असंही सांगितलंय. खीर म्हणजे शिऱ्याची थोरली बहीण. बोला ना काकूंना खरं. त्या काय खाणार आहेत तुम्हाला?"

बोलता आलं असतं. पण खरं बोलायचं म्हणजे नर्मदेपासून सुरुवात करावी लागली असती. आणि श्राद्धाचे नियम यशश्रीला मी पूर्ण सांगितले नव्हते. बसलेल्याने मधून उठायचं नाही. बोलायचं नाही. आणि पिंडदान व्हायच्या आत त्याला उलटी झाली तर ते श्राद्ध मोडलं, पुन्हा पहिल्यापासून करायचं. पितर जेवले नाहीत असाच त्याचा अर्थ. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा मी हसलो होतो. आमच्या घराण्यात पानावरून कोणी तसा उठला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उपनगरला जाताना द्वारका चौकात सिग्नलला थांबलो, तो हिरवा झाला तरी मी स्कूटर पुढे घेईना, मागच्यांनी हॉर्न वाजवले. श्राद्धाला बसणाऱ्याने आधी काही खायचं नसतं. त्यामुळे सकाळचं ते प्रोटीनचं पाणीही मी घेतलं नव्हतं, आणि रिकाम्या पोटी भीती जास्त लागते हे त्या दिवशी कळलं.

किशोर आधीच आला होता. चुणचुणीत पोरगा आहे, आवाज चांगला, फक्त घाई फार. त्याने देवांच्या जागी दर्भाचा बटू मांडला. माझे पाय धुतले गेले, गंध लागलं, मला उत्तरेकडे तोंड करून पाटावर बसवलं. समोर भिंतीवर अप्पांचा फोटो. शेजारच्या पाटावर गवताचा बटू. जेवणारा मी एकटाच, म्हणजे सगळ्या घराचे डोळे माझ्याच पानावर.

केळीचं पान काठोकाठ भरलं. भात, वरण, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी, कढी, आमसुलाची चटणी, उडदाचे वडे आणि द्रोणात खीर. काकूंनी सगळं स्वतः केलं होतं. पहाटेपासून उभ्या असतील. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती अशी आशा होती, आणि तीच मला सगळ्यात जास्त भिववत होती. शिव्या देणाऱ्या यजमानासमोर मी बिनधास्त उपाशी उठलो असतो.

आपोशन घेतलं. पहिला घास भाताचा, बोटाच्या पेराएवढा. चावला, चावला, गिळला. उतरला. दुसरा भोपळ्याचा, तोही उतरला. मी मनातल्या मनात आखणी केली होती. भात पसरायचा, कढी त्यावर फिरवायची, भाज्या एकमेकींत मिसळायच्या, म्हणजे बरंच खाल्ल्यासारखं दिसतं. लहानपणी कारलं असंच संपवायचो. आधी पोटोबा मग विठोबा म्हणणारा मी, पोटोबाला चुकवायच्या युक्त्या करत बसलो होतो.

"खीर घ्या ना," काकू म्हणाल्या. "यांना अश्शीच लागायची. आटवलेली."

मी द्रोण उचलून ओठाला लावल्यासारखं केलं. काकू समोरून हलेनात. घोट घ्यावाच लागला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी दुसराही घेतला. चूक झाली हे जिभेवर असतानाच कळलं. आता किती वेळ आहे, याचा मी अंदाज बांधायला लागलो. ती कोसळायच्या आत किशोरने आटपायला हवं होतं. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. त्याला वाटलं मला कढी हवीय. त्याने मयुरेशला सांगितलं, मयुरेशने कढी वाढली.

"वडा तसाच राहिलाय," काकू म्हणाल्या.

घाईत मी तुकडा मोडला. काकू बघत होत्या म्हणून पुरेसा चावला नाही. गिळला, आणि तो थांबला.

छातीच्या बरोबर मध्ये थांबला. वर नाही, खाली नाही. मी ताठ बसलो. श्वास घेतला तर दुखायचं, नाही घेतला तर जास्त दुखायचं. मग तोंडात पाणी सुटायला लागलं. साधी लाळ नाही, फेसाळ, घट्ट, थांबायचं नावच घेईना. ती गिळता येत नव्हती, कारण आत रस्ता बंद होता. थुंकता येत नव्हती, कारण मी पितरांच्या पानावर बसलो होतो. ओठ घट्ट मिटून घेतले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि त्याच वेळी खीर कोसळली. छाती धडधडली, कानशिलं तापली, पाठीवरून घामाची धार पाटावर गेली. मला वाटलं, आतलं काहीतरी फुटलंय. यशश्रीने विचारलं होतं ना, मरायचंय का. मला नव्हतं मरायचं. मला इतकं जगायचं होतं की अप्पांच्या फोटोचाही राग आला.

किशोरने मयुरेशला खूण केली. जेवण झाल्यावर यजमानाने बसलेल्याला विचारायचं असतं, "तृप्ताः स्थ?" तुम्ही तृप्त झालात का? आणि बसलेल्याने म्हणायचं, "तृप्ताः स्मः." झालो. एवढं म्हटलं की पितर जेवले. वीस-बावीस वर्षं मी ते म्हणत आलो, आणि दर वेळी मनात एखादा लाडू उरलेला असायचा. आज खरोखरच काठोकाठ भरलो होतो, पण तोंड उघडलं असतं तर श्राद्ध मोडलं असतं.

"तृप्ताः स्थ?" मयुरेशने विचारलं.

मी गप्प.

त्याने किशोरकडे बघितलं. किशोरने पुन्हा विचारायला सांगितलं. "तृप्ताः स्थ?"

मी गप्पच. मानसुद्धा हलवायची भीती वाटत होती.

काकूंनी हातातली पळी कपाळाला लावली. "तृप्त नाही झाले," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. भूक राहिलीय त्यांची."

"आई, गुरुजींना बरं वाटत नाहीये बहुतेक," मयुरेश म्हणाला.

"तुला काय कळतंय. ते मागताहेत." त्या खिरीचं पातेलं घेऊन माझ्यासमोर खाली बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसल्या. आणि माझ्याकडे बघून, पण माझ्याशी नव्हे, म्हणाल्या, "घ्या हो. अजून घ्या. तेव्हा गेलं नाही, आता जाईल."

मी दोन्ही हात पानावर आडवे धरले. आमच्या पंगतीत त्याचा अर्थ एकच, बास. आग्रह करणारी बाई तेवढ्याने थांबत नाही हेही सगळ्यांना माहीत असतं. काकूंनी पळी भरली आणि ओतली. गरम खीर माझ्या बोटांवर पडली, बोटांच्या फटींतून पानावर गेली. मी हात काढले नाहीत. वर बघितलं फक्त. तोंड बंद, डोळ्यांत पाणी, आणि त्यांनी दुसरी पळी भरू नये म्हणून जे काही डोळ्यांनी करता येतं ते सगळं मी केलं.

काकूंचा हात हवेत थांबला.

त्या बराच वेळ माझ्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. पळीतून खीर ठिपकत होती. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तो का बदलतोय हे मला तेव्हा कळलं नाही. "असंच," त्या म्हणाल्या. पळी पातेल्यात ठेवली आणि पातेलं मागे सरकवलं.

"गुरुजी, तृप्त ना?" किशोर घाईने म्हणाला. मी जेमतेम मान हलवली. "चालेल, चालेल, मौन असेल," असं म्हणून त्याने मयुरेशला पिंडांकडे वळवलं. त्याच्या घाईला मी आजवर इतकी नावं ठेवली, त्या दिवशी तिचेच उपकार झाले. पिंड ठेवले जात होते तेव्हा आत काहीतरी किंचित सरकलं. वडा अर्धं बोट खाली गेला असावा. शेवटचा पिंड ठेवून झाला, किशोरने मला नजरेने सांगितलं, आणि मी पाटावरून उठून भिंतीला धरत मागच्या मोरीकडे गेलो.

तिथे काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. वडा एकदाचा बाहेर पडला. पण खिरीचं काम संपलं नव्हतं. पोटात कळा येत होत्या. मयुरेशने मला धरून आतल्या खोलीत नेलं आणि कॉटवर निजवलं. दवाखान्यात नेऊ का म्हणाला. मी यशश्रीचा नंबर दिला आणि ती येईपर्यंत थांब म्हणालो. कॉटच्या शेजारी सलाइन लटकवायचा स्टँड अजून उभा होता. म्हणजे ही अप्पांची कॉट. मला उठायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं.

काकू आल्या. दारातच थांबल्या.

"काय झालंय तुला?" लहानपणी अरे-तुरे करायच्या, तशा बोलल्या.

मी उपरणं बाजूला केलं आणि पोटावरचे ऑपरेशनचे व्रण दाखवले. छोटे छोटे, इथे एक, तिथे एक. म्हटलं, "परिक्रमा वगैरे काही नाही, काकू. पोट कापून घेतलं. आता लिंबाएवढं उरलंय. दोन चमचे जातात. जास्त झालं की हे असं."

मला वाटलं, चिडतील. चिडायला हव्या होत्या. त्या स्टुलावर बसल्या.

"त्यांनाही नळी टाकायला इथेच भोक पाडलं होतं," त्या म्हणाल्या. "तरी तोंडाने काहीतरी जावं म्हणून मी रोज खीर करायची. पातळ. चमचा घेऊन इथेच बसायची, या स्टुलावर. बोलता येत नव्हतं त्यांना. ते असेच बघायचे, मघाशी तू बघितलंस तसे. मला वाटायचं, आणखी मागताहेत. मग मी आणखी द्यायची." त्यांनी हात मांडीवर ठेवले, उचलले, परत ठेवले. "भूक होती का रे त्यांना?"

"नाही, काकू. नव्हती."

"मग काय होतं?"

मी छताकडे बघितलं. इतकी वर्षं लोकांना सांगत आलोय की पितर सुखात आहेत, पितर तृप्त आहेत. कधी जीभ अडखळली नाही. काकूंनाही तेच सांगता आलं असतं, आणि त्यांना त्या रात्री झोप लागली असती.

"खोटं सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझे डोळे बघितलेत मी."

"भीती," मी म्हणालो.

"कशाची?"

"चमच्याची."

त्या रडल्या नाहीत. बाहेर किशोर मयुरेशला काहीतरी समजावत होता, विसर्जन राहिलंय, गुरुजींना जरा बसवता येईल का, असं काहीतरी. पितरांना निरोप द्यायचा असतो, तोपर्यंत ते बसलेल्याच्या ठिकाणी असतात. मीच कधीतरी त्या घरात हे समजावून सांगितलं होतं.

काकूंनीही ते ऐकलं. "म्हणजे अजून गेले नाहीत ते," त्या म्हणाल्या.

त्या स्टूल ओढून कॉटजवळ आल्या. सवयीने मी त्यांच्या हातांकडे बघितलं, वाटी आहे का, चमचा आहे का. दोन्ही हात रिकामे होते. त्यांनी ते मला दिसतील असे समोर धरले, उपडे केले, पुन्हा सुलटे केले. मग माझ्याकडे बघून, पण माझ्याशी नव्हे, हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, नाही हो आणणार आता चमचा. घाबरू नका."

माझ्या तोंडात मघाचा कडवटपणा होता, घशाची आग होत होती. तरी जे पानावर राहून गेलं होतं ते मी म्हणालो.

"तृप्ताः स्मः."

काकूंनी मान डोलावली आणि दार उघडून किशोरला आत बोलावलं.